मरळीची राखण

तलावातली मरळ संपून राह्यली म्हणून ग्रामसभेनं आम्हा ढिवराईची जाळी बंद केली. गळाले मात्र परवानगी होती. मासा धरा, फोटो काढा अन् जिताच सोडा. मी त्या सभेत लय भांडली. पोराईले काय फोटो रांधून घालू?

आज नागपूरचा एक साहेब आला. माझा दीर आदेश त्याले डोंग्यात बसवून तलावात घेऊन गेला. मी काठावर भांडे घासत होती. पाण्यावर मरळीच्या लालसर पिलांचा थवा दिसत होता, अन् खाली त्याईची माय राखण करत होती. साहेबानं नेमका तिथंच गळ टाकला. पिलांजवळ काही आलं की मरळ तुटून पडते. तशी ती पडली, अन् धरल्या गेली.

"सोडा तिले लवकर!" मी वरडली.

"सोडूनच राह्यलो ना वहिनी," आदेश म्हणे. "नियमच हाय तो."

पण आधी वजन, मंग फोटो, मंग दुसऱ्या बाजूनं फोटो. तेवढ्यात चिलापी मासोळ्याईचा घोळका आला अन् पाणी उकळल्यावानी झालं. ते थंडावलं तवा एकही पिलू नोतं.

माझ्या जाळ्यानं तरी काय वाचलं असतं? माय अन् पिलं दोन्ही आली असती. जाळं परत मागाले तोंडच राह्यलं नाई मले.

मरळ सोडली. ती सरळ त्याच जागी आली अन् रिकाम्या पाण्याभोवती फिरत राह्यली. साहेबानं पुन्हा तिथंच गळ टाकला. राखाले काहीच उरलं नोतं, तरी ती त्याच्यावर तुटून पडली.