कूस बदलताना

"हा मध्येच का थांबतो?" इंजिनिअरबाईंनी विचारलं.

यंत्राचा रबरी तळवा म्हाताऱ्या पोस्टमास्तरांच्या पाठीवर टेकून राहिला होता. चारेक सेकंदांनी त्याने अलगद त्यांची कूस बदलली.

"श्वासासाठी," मावशी म्हणाल्या. "श्वास सोडला की अंग सैल पडतं. तेव्हाच वळवायचं. भरल्या छातीनं वळवलं की कळ येते."

"मला वाटलं, तुमच्या हातमोज्यात बिघाड आहे."

सव्वीस वर्षं मावशी या वॉर्डात अंथरुणाला खिळलेल्यांच्या कुशी बदलत होत्या. दर दोन तासांनी. नाहीतर पाठीला जखमा होतात. गेले तीन महिने त्या तारा लावलेले हातमोजे घालून तेच करत होत्या आणि त्यांच्या हातांवरून यंत्र शिकत होतं. त्याला सगळे जावईबापू म्हणत. रुग्णांच्या डोक्यावर कुरकुरता पंखा, आणि जावईबापूंच्या खोलीला एसी. जरा उकडलं की त्यांचं बिनसायचं. पण शिष्य गुणी. आपण थांबतो, हे मावशींनासुद्धा त्यानं थांबून दाखवल्यावरच कळलं होतं.

मेट्रनबाई कागद घेऊन आल्या. 'प्रशिक्षण पूर्ण.' खाली मावशींची सही हवी होती. तिच्याशिवाय यंत्र इतर वॉर्डांत जाणार नव्हतं.

"ते थांबणं काढून टाका," त्या इंजिनिअरबाईंना म्हणाल्या. "एका फेरीत चाळीस खाटा. किती वेळ जातो."

"तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत," मावशी म्हणाल्या. "तुमचा चहा त्याहून लांबतो."

"मावशी, सही करा."

"करते की. आधी या बाईंना जरा आडवं होऊ दे."

इंजिनिअरबाई हसल्या, पण रिकाम्या खाटेवर आडव्या झाल्या. त्यांनीच थांबणं बंद केलं. तळवा पाठीला लागला न लागला तोच अंग वळलं. त्यांनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"कुणी ढकलल्यासारखं वाटलं," त्या म्हणाल्या. मग थांबणं चालू करून पुन्हा आडव्या झाल्या. या वेळी वळताना त्यांचा हात दांडीकडे गेलाच नाही.

"मी चौदा महिने पडलोय इथं," शेजारच्या खाटेवरून पोस्टमास्तर म्हणाले. "मला विचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं."

मेट्रनबाईंना हसू आलं नाही. "वरून आदेश आहे. सही करा, नाहीतर उद्यापासून धुलाईत जा. चादरी मोजा."

मावशींनी पदराला हात पुसले. कागद खिडकीत ठेवला आणि सहीच्या वर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'श्वास सुटेपर्यंत थांबणे काढू नये. काढल्यास ही सही माझी नाही.' खाली सही केली.

"हे चालणार नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

"मग माझे हात परत द्या," मावशी म्हणाल्या. "तीन महिने त्यानं तेच घेतलेत."

इंजिनिअरबाईंनी कागद मेट्रनबाईंच्या हातून घेतला. "आहे तसाच पाठवते. त्या ओळीसकट. मीही खाली सही करते."

ओळ राहिली. धुलाईतली बदलीही कायम राहिली.

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत मावशी वॉर्डाच्या दाराशी आल्या. आत सकाळची फेरी चालली होती. जावईबापूंचा तळवा पोस्टमास्तरांच्या पाठीवर होता आणि मेट्रनबाई घड्याळ लावून शेजारी उभ्या होत्या.

पोस्टमास्तरांनी दाराकडे पाहिलं. मग मेट्रनबाईंकडे. आणि छातीभर श्वास घेऊन तो तसाच धरून ठेवला.

जावईबापू थांबले. मेट्रनबाईंनी घड्याळ पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. पोस्टमास्तरांचे गाल फुगले होते, कान लाल झाले होते. अख्खा वॉर्ड त्यांच्याकडे बघत होता. तळवा हलला नाही.

शेवटी त्यांनी सावकाश, अगदी ऐटीत, श्वास सोडला. मग त्यांची कूस बदलली.

दारात मावशींचा तळवा चादरींच्या ढिगावर टेकलेला होता. तो त्यांनी उचलला आणि गाडी पुढे ढकलली.