खुंटीवरचा कोट

मित्रांनो, जरा कल्पना करा. बाहेर उन्हाने अंग भाजतंय आणि एका जाड दारापलीकडे कडाक्याची थंडी आहे. मी एक जुना लोकरीचा कोट आहे. दुबईत, देरा भागातल्या याकूबनानांच्या फुलांच्या दुकानात, कोल्ड रूमच्या दाराशेजारी माझी खुंटी आहे.

आत जाताना मला घालायचं, बाहेर येताच खुंटीला अडकवायचं, हा नानांचा नियम. खुंटी रिकामी म्हणजे आत माणूस आहे. नानांची नात फिझा मात्र मला खुर्चीवर फेकून पळायची. नाना घाबरून आत शोधायचे, तर आत कोणीच नसायचं.

"कोटाला खोटं बोलायला लावू नकोस गं," ते म्हणायचे.

"सॉरी नाना," म्हणून ती पुन्हा विसरायची.

यंदा सुट्टीत नाना तिला अँडीज पर्वतातलं एक गाव दाखवायला घेऊन गेले. दुकानातले गुलाब तिथूनच येतात. थंडीसाठी मीही सोबत होतो. गाव इतकं शांत की धुक्यातून चालणाऱ्या गाढवाची पावलंही ऐकू येत. एका मळ्यात नानांनी मला कोल्ड रूमबाहेरच्या खिळ्याला अडकवलं आणि ते मालकाशी बोलत बसले.

फिझाने मला अंगात घातलं आणि ती आत गेली. गुलाबांच्या बादल्यांमागे ती वाकली होती, तेवढ्यात एका कामगाराने दार उघडं पाहून बाहेरून लावलं आणि तो जेवायला गेला.

आतून दार उघडेना. तिने हाका मारल्या, दार बडवलं. यंत्राच्या घरघरीत काहीच बाहेर पोचलं नाही. तिचे दात वाजू लागले. माझी लोकर झिजलेली. मी तिला किती वेळ ऊब देणार? मलाही भीती वाटली.

दाराला छोटी काच होती. तिने ती बाहीने पुसली. बाहेर नाना आले होते. तिने काच बडवली, पण घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि ते मला शोधायला गाडीकडे वळले. फिझाला कळलं: कोट नेहमीसारखा कुठेतरी टाकला असेल, असंच त्यांना वाटलंय. ती माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसून रडू लागली.

गाडीत मी नव्हतो. कुठल्याच खुर्चीवर नव्हतो. म्हणजे रिकामा खिळा या वेळी खरं बोलत होता. मग नाना धावत परत आले आणि दार उघडलं.

मित्रांनो, वस्तू जागेवर ठेवा. कधी कधी तुमच्यासाठी त्यांनाच बोलावं लागतं.

नानांनी हात पसरले. फिझा थरथरत होती, तरी ती आधी खिळ्यापाशी गेली. तिने मला काढून नीट अडकवलं, आणि मगच नानांना मिठी मारली.