सात नंबरचं दहावं

कांडीने सहा दिवस अन्नाला तोंड लावलं न्हवतं. कांडी म्हणजे आमची कुत्री, अकरा वर्षांची. मटणाचं हाड पुढे टाकलं तरी भिंतीकडे बघत पडायची. मला पोरबाळ न्हाय, तीच माझं पोर. कामतघरच्या नाक्यावर कुत्र्यांचा फुकट दवाखाना लागला होता. कांडीला कडेवर मारली, नवऱ्याला पुढे घातलं आणि गेले. नवऱ्याचं नाव घेते, साठीला आले, आता कसली लाज? राघो.

तिथली डॉक्टर माधवी म्हणजे पोरगीच. तिने कांडीचं पोट दाबलं, दात बघितले, ताप बघितला आणि मग ह्यांच्याकडे वळली.

"काका, झोप लागते का?"

"कुत्रीला?"

"तुम्हाला."

मी म्हटलं, "अगो बाय, पेशंट टेबलावर हाय. हे नुसते सोबतीला आलेत."

"मावशी, कांडीला आजार नाही. घरातलं माणूस आतून मिटलं की कधीकधी कुत्रं जेवण सोडतं. दोन दिवस बघू. नाहीतर सलाईन लावावं लागेल, आणि या वयात ती ते सोसेल असं मी सांगू शकत नाही."

मी कांडीला पोटाशी धरलं. ती पुढे काय बोलली ते ऐकूच आलं न्हाय. चिठ्ठीवर औषध लिहिलं होतं: काकांनी रोज दोन वेळा मन मोकळं करणे, जेवणानंतर. मग तिने पाच तोंडांचा कागद काढला. एक तोंड हसणारं, शेवटचं रडणारं. "काका, आज तुमचं तोंड यातलं कुठलं?"

ह्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "हा तिसरा नाक्यावरच्या भाजीवाल्यासारखा दिसतो," म्हणाले.

घरी आल्यावर दार लावलं आणि ह्यांना समोर बसवलं. "करा मोकळं."

"काय?"

"मन!"

"ठके, ओरडू नको."

"मी ओरडत न्हाय, औषध देतेय!"

अख्खी चाळ दाराला कान लावून उभी. पण ह्यांचं तोंड उघडेल तर शपथ. बत्तीस वर्षं कापड विणायच्या लूमवर काढली या माणसाने. कारखान्यात आवाज एवढा, की माणसं हातवारे करून बोलतात. घरी आले की दोनच शब्द: 'वाढ' आणि 'बस'. आता कारखाना बंद झाला, तर तेही बोटाने सांगायचे.

संध्याकाळी मोहिउद्दीन शेठ कांडीला बघायला आले. ह्यांची ड्युटी त्यांच्याच कारखान्यात होती. आठ दिवसांपूर्वी शेठनी बाराच्या बारा लूम भंगारात काढले. खाटेवर बसून शेठ म्हणाले, "राघोभाऊ, कुत्री बहोत सुकली."

हे म्हणाले, "शेठ, सात नंबर आता कुठवर गेली असेल?"

आणि हमसून हमसून रडायला लागले. कांडीने मान वर करून असा सूर लावला की शेजारची बाई दूध उतू घालवून धावत आली. शेठही रुमाल शोधायला लागले.

सात नंबर म्हणजे कुणी बाई न्हाय, लूम! माझ्या मस्तकात गेली तिडीक. माझी आई गेली तेव्हा या माणसाने टिपूस काढलं न्हाय, आणि भंगारासाठी धो धो? पण कांडीच्या फासळ्यांकडे बघितलं आणि राग गिळला. डॉक्टरला फोन लावून सगळं सांगितलं.

"रडले? छान!" ती म्हणाली. "रडू द्या. तुमच्यात माणूस गेल्यावर जे करता, तेच करा."

तिला बहुतेक असं म्हणायचं होतं, की जवळ बसा, चहा करा. मी बोटं मोजली. गेल्या मंगळवारी सात नंबर टेम्पोत चढली, म्हणजे परवा दहावं.

भटजींना विचारलं. ते म्हणाले, "लूमचं गोत्र काय लावू?" आणि फोन ठेवला. मग कारखान्यातला जॉबर, लूम दुरुस्त करणारा चांगदेव, विधी करायला पुढे झाला. वीस वर्षं तिचे नटबोल्ट त्यानेच खोलले होते, त्याच्याइतकं जवळचं दुसरं कोण? दहाव्याच्या सकाळी बघते तर हे डोकं भादरायला निघालेले.

"खबरदार! ती तुमची लागते कोण?"

हे दारातच उभे राहिले. "तेच तर कळत न्हाय," म्हणाले.



वऱ्हाळा तलावाच्या काठाला पान मांडलं. भात, वडा, भाकरी, आणि तिला आवडायचं म्हणून बाजूला झाकणभर मशीनचं तेल. शेठ टोपी सारखी करून उभे. डॉक्टर माधवीही आली, गाडीत सलाईन तयार ठेवून. पान बघून म्हणाली, "मावशी, मी असं नव्हतं सांगितलं."

"आता आलीस तर बस," मी म्हटलं. कांडी माझ्या पायाशी हनुवटी टेकून पडली होती. तिच्याने बसवतही न्हवतं.

कावळा तारेवर होता, पण खाली येईना. आता मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर बोलावं लागतं.

चांगदेव म्हणाला, "सात नंबर, तुझा धोटा, आडवा दोरा घेऊन पळायचा तो, मी घरी ठेवलाय. रोज पुसतो."

कावळ्याने पंख खाजवला.

शेठ म्हणाले, "मजबूरी थी. माफ कर."

कावळा उडाला आणि थेट बिर्याणीच्या गाडीवर जाऊन बसला. डॉक्टरने घड्याळ बघितलं, मग कांडीच्या हिरड्या बघितल्या आणि हळूच म्हणाली, "मावशी, आता थांबण्यात अर्थ नाही."

माझा तोल सुटला. पानासमोर जाऊन उभी राहिले. "ए बये! बत्तीस वर्षं माझा नवरा दिवसभर तुझ्याशी बोलायचा, चांगदेव सांगतो मला. तुला सगळं सांगायचा आणि माझ्याकडे रिकामा यायचा. मी कधी भांडले का? आता तू गेलीस. जा सुखाने. मी बघीन त्याच्याकडे. पण माझी कांडी सोड!"

मग माझी मलाच लाज वाटली. एवढ्या लोकांत भंगाराशी भांडले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "ठके."

मी वळले. हे हातवारे करत न्हवते, तोंडाने बोलत होते. "मला भीती वाटते गो. सकाळी उठून जायचं कुठं, तेच कळत न्हाय."

मी म्हटलं, "मला पण वाटते. तुम्ही घरात असता आणि घरात कोणी नसतं."

हे येऊन माझ्याजवळ खाली बसले, अगदी खांद्याला खांदा लागेल असे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, चारचौघांत असे कधी बसले न्हवते. मीही सरकले न्हाय.

पायाशी काहीतरी हललं. कांडी उठली होती. पाय लटपटत होते, पण चालत पानापाशी गेली, वास घेतला आणि भाताला तोंड लावलं.

"शिवली!" चांगदेव बोंबलला. "शिवली, शिवली!"

शेठनी आकाशाकडे हात केले. डॉक्टर रडत होती आणि हसतही होती. आम्ही दोघांनी कुत्रीला हात जोडले.

"जेव माझे बाय," हे म्हणाले, "सावकाश जेव."