पेवाची पारख

कडूबा आणि मी सात वर्षं एका नावेवर काम केलं, पण एकमेकांना कधी पाणी विचारलं नाही. आमचं भांडण बांधाचं. तो बांध, त्याचं शेत, माझं शेत, सगळं नाथसागराच्या पाण्याखाली गेलं. गाव उठलं. पुढं आमच्याच गावच्या काकासाहेबांनी औरंगाबादच्या पाहुण्यांना फिरवायला इंजिनाची मोठी नाव आणली आणि आम्हा दोघांनाही कामावर घेतलं. तो इंजिन बघायचा. सुकाणू आणि राखण माझ्याकडं. नाव आमच्या शेतांवरून जायला लागली की तो हटकून म्हणायचा, "पुंजाराम, ती बाभूळ माझ्या हद्दीत व्हती."

उंदीर आणि झुरळं हा माझा जिम्मा. नाव काठाला बांधायच्या दोरांत मी तेलाच्या डब्याचे गोल पत्रे ओवले होते. दोरावरून चढणारा उंदीर पत्र्याशी अडतो आणि माघारी फिरतो. पुठ्ठ्याचं खोकं काठावरच रिकामं करायचं, कारण झुरळाची अंडी त्याच्या घड्यांत बसून येतात. कडूबाला हा माझा तोरा वाटायचा. तो सुटे भाग खोक्यासकट इंजिनाच्या तळात न्यायचा आणि भाकरीचे तुकडे तिथंच टाकायचा. सातव्या वर्षी दिवाळीनंतर उंदरांनी इंजिनाशेजारी संसार मांडला. डिझेलची नळी कुरतडली आणि नाव भर पाण्यात बंद पडली.

"राखण कुणाची?" काकासाहेबांनी विचारलं.

"भाकरी कुणाची, ते विचारा," मी म्हणालो.

"ह्याचे पत्रे वाऱ्यावर चांगले वाजतेत," कडूबा म्हणाला. "उंदरं नाचायला येतेत."

रविवारी सकाळी नऊला चाळीस पाहुणे येणार होते. तोवर नाव साफ झाली नाही तर दोघांनीही घरी बसायचं, असं काकासाहेबांनी सांगितलं.

बुधवारी मी औरंगाबादला शहागंजच्या बाजारात गेलो. धान्याच्या गोदामात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या तिथं फारूखभाईंच्या दुकानात मिळायच्या. डबी देण्याआधी त्यांनी माझा हात धरला.

"चाचा, ये खेल नहीं है. तीन दिन बंद रखना. फिर सब खोलके पूरा एक दिन हवा. तब तक अंदर कोई नक्को जाना."

गुरुवारी पहाटे मी तळात गोळ्या ठेवल्या, झाकणाच्या फटी चिकणमातीनं लिंपल्या आणि रविवारी पहाटे सहाला झाकण उघडलं. पाच उंदीर मरून पडलेले दिसले. तीन दिवस भरले होते. हवेचा एक दिवस मात्र आमच्याकडं नव्हता.

आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीतल्या खोल खड्ड्यात. पेव फोडलं की कुणी लगेच उतरत नाही. आधी दोरीनं दिवा सोडायचा. विझला तर आतली हवा वाईट, जळत राहिला तर उतरायचं. माझ्या आज्यानं, बापानं हीच पारख केली आणि आमच्या घरातलं कुणी पेवात मेलं नाही. मी कंदील तळात सोडला आणि शंभरपर्यंत मोजलं. ज्योत हललीसुद्धा नाही.

"उतर," मी कडूबाला म्हणालो. "नवी नळी जोड."

तो वाकला. "लसणाचा वास येतोय."

"तुझ्याच ठेच्याचा."

"दुकानदार काय म्हणला व्हता?"

"दिवा जळतोय. दिसंना का?"

"मंग तू उतर."

"इंजिन माझं काम नाय. बांधावर तर लई उड्या मारायचास. आता मेलेल्या उंदराला भ्यालास व्हय?"

काठावर चहाचं आधण ठेवणारी सरूबाई हसली. कडूबानं तिच्याकडं पाहिलं, पान्हा उचलला आणि उतरला.

थोडा वेळ पान्ह्याचा आवाज आला. मग थांबला. मग ओकारीचा आला. मी हाक मारली. परत शिवी आली नाही. श्वास रोखून मी खाली गेलो आणि त्याच्या काखेत दोर घातला. मी वर आल्यावर, हाका ऐकून धावत आलेल्या काकासाहेबांनी आणि मी मिळून त्याला ओढून काढलं. त्याचे ओठ निळे पडले होते. पाहुण्यांची वाट न बघता काकासाहेबांनी त्याला जीपमधून औरंगाबादला घाटीच्या दवाखान्यात नेलं.

पाचव्या दिवशी तो बोलायला लागला, म्हणून मी गेलो. वॉर्डाच्या दारात त्याची बायको द्वारकाबाई बसली होती.

"सात वर्षं थांबलास की," ती म्हणाली. "आणखी थोडा थांबला असतास तर हे आपसूक मेले असते."

आतून कडूबा म्हणाला, "येऊ दे त्याला."

मी खाटेपाशी उभा राहिलो. बस म्हणून त्यानं सांगितलं नाही.

"डॉक्टर म्हणले, त्यो लसणाचा वास गोळ्यांच्या वायूचाच. त्यानं दिवा विझत नसतो. ठाऊक व्हतं तुला?"

"नव्हतं."

"दुकानदारानं काय सांगितलं व्हतं?"

खोटं बोलायला जागा होती. फारूखभाई काही तिथं नव्हते.

"एक दिवस हवा लागू द्या म्हणले व्हते. तवर कुणी उतरू नका."

"मंग दिवा कशापायी?"

"वाटलं, आपली पारख जुनी हाय."

तो कोपरावर उठला. "एवढा भरवसा व्हता तर पहिल्यांदा तूच का नाय उतरलास?"

द्वारकाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"भ्यालो व्हतो," मी म्हणालो.

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. "एवढंच ऐकायचं व्हतं. जा आता."