पद्मजाच्या वाट्याचा लोहगड

मी एक जुना पडदा आहे. तळेगावच्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मला शिवलं, तेव्हा माझा रंग डाळिंबी होता. मी बाजूला सरकलो की टाळ्या पडायच्या. मित्रांनो, त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो! पुढे नवा पडदा आला आणि मी कपाटात उंदरांच्या हवाली झालो.

एकोणीसशे अडुसष्ट साली चिंतामणी सरांनी मला बाहेर काढलं. अकरावीच्या मुलामुलींना लोहगडावरून सूर्योदय दाखवायचा त्यांचा बेत होता. त्यासाठी आदल्या रात्री मळवलीच्या धर्मशाळेत मुक्काम. मुलंमुली एका छताखाली झोपणार म्हटल्यावर पालक हादरले. सर म्हणाले, "मधे पडदा लावू. मुलींच्या बाजूला माझी आई झोपेल."

त्याच वर्गातल्या पद्मजाचे वडील त्र्यंबकराव मला उजेडात धरून भोकं शोधू लागले. मला अगदी लाजल्यासारखं झालं. मग तिच्या आईनं, अरुंधतीबाईंनी, मला घरी नेऊन रफू केलं. पद्मजा शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती.

"आई, पुढच्या वर्षी माझं लग्न लावाल. मग कुठला गड?"

अरुंधतीबाईंचा हात थांबला. "माझी ना नाही गं. तुझे बाबाही तयार आहेत. पण बाकीच्या मुली जाणार असतील तरच."

ठरल्या दिवशी संध्याकाळी मळवलीला मला दोरीवर टांगलं. एका बाजूला मुलांनी वळकट्या सोडल्या. दुसऱ्या बाजूला सरांची आई एकटीच बसली होती.

धर्मशाळा सांभाळणाऱ्या सावित्राबाई आत डोकावल्या. "गुरुजी, पोरी कुटं हायत? मी त्यांच्यासाठी लय पानी तापिवलंय."

"मावशी, प्रत्येक घरानं सांगितलं, दुसऱ्यांची जाणार असेल तर आमचीही येईल. सगळे दुसऱ्यांचीच वाट बघत बसले."

फक्त पद्मजा वडिलांबरोबर तळेगाव स्टेशनवर आली होती, असं मुलं सांगत होती. दुसरी एकही मुलगी दिसेना, तेव्हा गाडी सुटायच्या आत वडील तिला परत घेऊन गेले.

त्या रिकाम्या बाजूची मला अजून हुरहूर लागते. तिथे मुलींचं हसणं ऐकायला मी किती आतुर होतो! पद्मजानं लोहगड कधी पाहिला का, तेही मला कळलं नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही आईवडील व्हाल. मुलांची काळजी जरूर करा, हवं तर माझ्यासारखा पडदा लावा. पण तुमच्या मनात होकार असेल, तर इतरांच्या घराकडे बघत थांबू नका. पहिला होकार तुमच्या घरातून जाऊ द्या.