गुळाच्या फडताळाची बिजागरी

मी बोलतेय, नेरच्या पंजाबरावांच्या सैपाकघरातल्या फडताळाची बिजागरी. इकडचे सुतार मला कब्जा म्हणतात. १९५७ साली डोमाजी सुतारानं मला घाईघाईत वाकडी बसवली, म्हणून दार उघडलं की मी कुरकुरायचे.

पंजाबरावांच्या आईला, तुळसाबाईंना, हे फार सोयीचं झालं. फडताळात गूळ, तूप, शेंगदाणे. त्या ओसरीवर वाती वळत बसत, कान मात्र माझ्याकडे. मी वाजले की लगेच, "कोन हाये वं आलमारीपाशी?" सून कौसल्या चटकन हात मागे घ्यायची. पंजाबराव एकदा तेल घालायला निघाले, तर तुळसाबाई म्हणाल्या, "राहू दे. ते वाजते म्हनून घर टिकून हाये." चहाडी करणं हीच माझी चाकरी झाली. लाज वाटायची.

कौसल्याला दिवस गेले. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर तिच्या वाट्याला अर्धी भाकर आणि तिखट उरायचं. एका दुपारी तिनं बोटभर जवसाचं तेल माझ्या सांध्यात सोडलं आणि पुटपुटली, "चूप राह्य बाई. लय भूक लागून राह्यली मले."

मी तोंड मिटलं. गुळाचा खडा तिच्या तोंडात गेला, ओसरीवर कुणाला पत्ता नाही. बाळंतपणापर्यंत आमचं हे चाललं. मुलगी चांगली बाळसेदार झाली, तेव्हा मला वाटलं, यात थोडा वाटा माझाही आहे.

पुढे तुळसाबाई वारल्या आणि फडताळ कौसल्याच्या हाती आलं. १९६४ मध्ये धाकट्या दिराची बायको प्रभावती घरात आली. लाजरी, कमी बोलणारी पोर. तिनं दार उघडलं तरी मी सवयीनं गप्पच राहायचे.

एकदा गुळाची ढेप कोरलेली दिसली. कौसल्यानं ढेपेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुसऱ्याच दिवशी डोमाजी हजर.

"कब्जा तं चांगला हाये, वैनी. कायले बदलता?"

"वाजत नाही तो," कौसल्या म्हणाली. "नवा लावा. अन् त्याले तेल नका घालू."

जिच्यासाठी मी मुकी झाले, तिनंच केसानं गळा कापला. तुळसाबाईंनी काढलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

आता मी चुलीवरच्या फळीवर, मोडक्या खिळ्यांच्या डब्यात गंजत पडलेय. इथून सगळं दिसतं. कौसल्या, मला परत लावू नकोस, ती आशा मी सोडली. पण त्या पोरीला गुळाचा एक खडा स्वतःच्या हातानं दे. तिला पाचवा महिना लागलाय, आणि तुला मागायची तिला भीती वाटते.