इंदुबाईच्या पाटल्या आणि मी

मित्रांनो, तुमच्या नाकावरची पुटकुळी मला झकास दिसते, पण तुमचा नवा सूट अजिबात दिसत नाही. अशी मी क्लोज-अपची जुनी लेन्स. आता सांगा, लग्नात मला कोण विचारणार?

माझे मालक दशरथराव, सिल्व्हर पार्कमधले लग्नाचे व्हिडिओवाले. मोठ्या हौसेने त्यांनी मला घेतलं. पहिल्याच लग्नात मी नवरीचे भरलेले डोळे टिपले, तर तिची आई कडाडली, "अहो, शालू कुठाय? आणि व्याही?" मागून कोणीतरी ओरडलं, "भैया, पूरा डेकोरेशन आना चाहिए!" झालं! माझी रवानगी बॅगेच्या तळाशी. फार वाईट वाटलं हो मला.

पुढे दशरथरावांच्या लेकीने, रसिकाने, मला बाहेर काढलं. तिला कॉलेजसाठी छोटी फिल्म करायची होती, समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणाऱ्या कोळणीची. "नाही जमली तर गुपचूप माझ्याबरोबर लग्नं शूट करायची," असं बाबांनी बजावलेलं. पोरीचा जीव टांगणीला लागला होता.

समुद्रकाठच्या चौक गावच्या कोळीण इंदुबाई काम करायला तयार झाल्या. आल्या त्या सगळं सोनं अंगावर घालूनच! आणि वाट कसली बघतात, नुसता ऊर बडवत होत्या. रसिकाने मला कॅमेऱ्यावर चढवलं.

"मावशी, काही करू नका. मी फक्त चेहरा घेतेय."

"चेहराच? मंग पाटल्या दिसनार न्हाय?"

"नाही."

"मंग घातल्या कशाला मी? जा, मी न्हाय करत!" आणि फणकाऱ्याने तिथेच फतकल मारून बसल्या.

रसिका रडकुंडीला आली. कॅमेरा बंद करायचंही तिला सुचलं नाही. मी मात्र बघत होते. सगळ्या होड्या परतल्या होत्या, इंदुबाईंच्या नवऱ्याची, दगडूभाऊंची, तेवढी दिसत नव्हती. समुद्राकडे बघता बघता पाटल्या, फिल्म, सगळं त्या विसरल्या. पापणी हलेना. खालचा ओठ दाताखाली धरलेला. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बाई कशी निवांत बसलीय!

अखेर होडी लागली आणि मावशींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, "मेल्या, येळ काय झाला! मासली आता मांजरांना घालू?"

रसिकाने भीतभीत दोघांना ते चित्रण दाखवलं. "मावशी, तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकते."

दगडूभाऊ पडद्याला नाक लावून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इंदे, अशी वाट बघतेस माजी? मी तर रोज शिव्याच खाल्ल्या!"

"होडीतून काय दिसनार हाय तुला!" मावशींनी पदराने डोळे पुसले आणि रसिकाकडे वळल्या. "ऱ्हाऊ दे ग पोरी. न्हाय दिसल्या पाटल्या तर न्हाय दिसल्या."

मित्रांनो, ओलीने मला बुरशी धरते, तेव्हा कोरड्या जागी जपून ठेवा, एवढंच माझं मागणं. आणि आपल्या माणसांना जरा जवळ जाऊन बघत जा. शिव्या घालणाऱ्याला तर सगळ्यात आधी.